सातवं न्हाण

आमच्या घरात लग्न असो की बाराव्याचं जेवण, कुणीतरी मला पुढे करून एखाद्या नव्या सुनेला सांगतंच, "ह्यांच्या पाया पड हां. म्हाताऱ्या वयनीला दर वर्षी दर्यावर न्हायला न्यायचे. दीर असावा तर असा." सून वाकते, मी तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि काही बोलत नाही. असं न बोलणं मी कित्येक वर्षं केलं आहे. सुरुवातीला वाटलं, विषय निघेल तेव्हा सांगून टाकू. विषय निघत राहिला आणि मी दर वेळी पावसाचं, काजूच्या पिकाचं किंवा आमटीतल्या मिठाचं काहीतरी काढून निसटत राहिलो. आता मला शहात्तरावं चालू आहे. हे कौतुक मला यापुढे घ्यायचं नाही.

वयनीनं मला दर्यावर नेलं, मी तिला नव्हे. ज्या एका सकाळी तिला खरोखर माझी गरज होती, त्या सकाळी मी तिला नेलं नाही. एवढंच सांगायचं आहे, पण ते एवढ्यात सांगून होत नाही.

आम्ही मूळचे डिचोलीकडच्या नार्व्याचे. घरासमोर शेत, शेताच्या पलीकडे बांध आणि बांधाच्या पलीकडे नदी. पोहायला मी नदीत शिकलो, गळ टाकायला नदीवर शिकलो. समुद्र आम्हाला माहीत होता तो भरतीच्या वेळी नदीत चढणाऱ्या खाऱ्या पाण्यापुरता. दादाचं लग्न झालं आणि केरीची वयनी घरात आली. पेडण्याच्या टोकाचं गाव, दारात दर्या. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती बांधावर उभी राहिली, नदीकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "भावजी, तुमचां ह्यां पाणी गप्प कित्याक? कोण आजारी आसा?"

आमच्याकडे वयनीला आईसारखं 'तू'च म्हणतात आणि ती धाकट्या दिराला 'तुमी' म्हणते. वयानं ती माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठी होती, पण हे अंतर आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाळलं. कदाचित म्हणूनच काही गोष्टी बोलायच्या राहिल्या.

मला तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी लागली. नार्व्याहून रोज येणं-जाणं जड पडायचं, म्हणून मी कोरगावात बायकोच्या माहेरच्या काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, एक घर बांधलं. तिथून केरीचा समुद्र स्कूटरवर अर्ध्या तासाच्या आत. तरी नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी समुद्रावर गेलो तो पाहुण्यांना सूर्यास्त दाखवायला. पँट घोट्यापर्यंत दुमडायची, पाहुणे भिजले की त्यांच्या चपला सांभाळायच्या आणि काळोख व्हायच्या आत घरी.

निवृत्त झालो आणि काही वर्षांनी बायको गेली. मुलगा जहाजावर नोकरीला. मी घरासमोरच्या बल्कांवात, बाकं असलेल्या पडवीत, बसून राहू लागलो. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजायचा, तो गेटला अडकवलेल्या पिशवीत दोन पोया टाकून जायचा आणि संध्याकाळी त्या पोया तिथेच कडक होऊन मिळायच्या. मला दुःख झालं होतं असंही म्हणवत नाही. मला कंटाळा आला होता. उठून पिशवी काढण्याचासुद्धा.

अशाच एप्रिलच्या शेवटी वयनी डिचोलीच्या बसमधून उतरून, म्हापशाला गाडी बदलून, एक पिशवी आणि एक छत्री घेऊन एकटीच दारात उभी राहिली. दादा जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. पायरीवर चढताना ती कण्हली.

"ढोपरां धरली आसत," ती म्हणाली. "वैद्यान खारां पाणी सांगलां. केरीचां घर तर बंद, भाचो म्हापशाक रवता. तुमच्याकडे रवतंय. रोज सकाळी दर्यार न्हेऊन सोडूक व्हयां."

"सोडायचं आणि परत आणायचं?"

"न्हय, थंयच सोडून येवा. मासे खातले माका."

हे खाऱ्या पाण्याचं न्हाण आमच्याकडे जुनं आहे. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, डिचोली-सत्तरीकडची आणि घाटाच्या पायथ्याची माणसं समुद्रावर न्हायला येतात. सांधे धरलेली, अंगावर खाज असलेली आणि ज्यांना काहीच झालेलं नाही अशीही. सकाळी उन्हं तापायच्या आत पाण्यात जायचं, मीठ अंगावरच सुकू द्यायचं आणि घरी येऊन पेज जेवायची. न्हाणांचा आकडा मात्र विषम हवा. पाच, सात, नऊ, जमतील तेवढी. जोड आकड्यावर सोडलं तर गुण येत नाही, उलट दुखणं माघारी फिरतं, असं मानतात. मी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली. जोड आणि विषम यांचा गुडघ्याशी संबंध मला कधी दिसला नाही. पण वयनीचा त्यावर विश्वास होता, आणि या हकिकतीत तेवढंच महत्त्वाचं आहे.

पहिल्या दिवशी मी तिला सुरूच्या झाडांखाली उतरवलं आणि पिशवी घेऊन वाळूत उभा राहिलो. तिनं पाण्याच्या कडेला हळद-कुंकू वाहिलं, नारळ सोडला, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. डिचोलीकडून मिनीबसमधून बायांचा एक घोळका आला होता. नऊवारी, पाचवारी, एकदोघी गाऊनवर टॉवेल बांधलेल्या. हातात हात धरून त्यांनी एक रांग केली आणि लाटेकडे तोंड करून सगळ्या एकदम बसल्या. लाट आली की रांग मोडायची, किंकाळ्या व्हायच्या, कुणाचा अंबाडा सुटायचा, मग पुन्हा हात शोधून रांग. वयनी कुणालाच ओळखत नव्हती, पण ती रांगेत जाऊन बसली आणि दोन लाटांत सगळ्यांना ओळखू लागली.

"भावजी," ती तिथून ओरडली, "ते पिशयेक कोण चोरून व्हरणां नाय! येवा हंय!"

मी नको म्हणून मान हलवली.

तिच्या शेजारची एक दात पडलेली म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "गे, तुझो दीर मिठाचो केलेलो काय? इरघळतलो?"

सगळी रांग हसली. पिशव्या धरून उभे असलेले त्यांचे नवरेसुद्धा हसले. मी शर्ट काढला आणि रागारागानं पाण्यात गेलो. मी नदीत पोहणारा माणूस. वाटलं, यात काय आहे. लाटेला पाठ करून वयनीकडे बघून हसायला गेलो आणि पुढच्या क्षणी माझं तोंड वाळूत होतं. नाकातोंडात पाणी, कानात वाळू. उठलो तेव्हा वयनीनं माझा दंड धरला होता.

"नदयेक पाठ करता येता," ती म्हणाली. "दर्याक नाय. तो फाटल्यान मारता. तेच्याकडे बघून उबे रवा."

त्या दिवशी घरी येऊन मी पेज दोनदा मागून घेतली. बायको गेल्यापासून भूक लागल्याची ती पहिली वेळ. वयनी वाढत होती. पुढच्या दिवशी तिनं तांदूळ जास्त घातले.

चौथ्या की पाचव्या न्हाणाच्या दिवशी मी दुपारी पेडण्याला बँकेत गेलो. काम लवकर झालं. परत आलो तर घरात वयनी नाही. हाक मारत मागच्या दारी गेलो. आमच्या घरामागे काजूचा चढ आहे, मुरमाड, पाय सटकणारा. त्या चढाच्या अगदी वर, कडक उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून वयनी टोपली कमरेवर घेऊन बोंडू वेचत होती. खाली वाकत होती, दगडावरून दगडावर पाय टाकत होती, एका फांदीला तर ती लोंबकळलीच. तिनं मला पाहिलं. एक क्षण ती तशीच थांबली आणि मग टोपली घेऊन, उजवा पाय ओढत, कण्हत खाली उतरू लागली.

"वयनी," मी म्हटलं, "काल डावा पाय दुखत होता."

"आज उजवो," ती म्हणाली. "पाळी लावन दुकतत."

मी हसलो. पायरीवर बसून हसलो. ती शेजारी बसली आणि तीही हसली, पण तिनं कबूल काहीच केलं नाही. तिचे गुडघे धड होते. वैद्याकडे ती गेलीच नव्हती. हे नंतर पुतणीनं, म्हणजे तिच्या मुलीनं, मला सांगितलं. माझ्या मुलानं जहाजावरून वयनीला फोन केला होता की बाबा उठत नाहीत, जेवत नाहीत. बल्कांवातल्या माणसाला "चला, तुम्हाला बरं वाटेल" म्हणून उपयोग नसतो, हे तिला कळत होतं. माझं दुखत असेल तर मी उठणार नाही, पण तिचं दुखत असेल तर स्कूटर काढीन, एवढं ती मला ओळखत होती.

यानंतर दर मे महिन्यात ती यायची आणि मीही एप्रिलपासून वाट बघायचो. समुद्राचं जे काही मला येतं ते तिनं शिकवलेलं. अंगातला जोर काढून टाकून उताणं पडलं की खारं पाणी माणसाला उचलून धरतं, हे साठी ओलांडल्यावर मला कळलं. ती म्हणायची, "हात मारू नकात, तो काय पडूचो नाय तुमका." ओहोटीला ओल्या वाळूत टाचा रोवून फिरायचं, टाचेखाली काही कडक लागलं की तिथं तिसऱ्यो, म्हणजे खायचे शिंपले. वाळूत सरळ भोक दिसलं तर खेकडा घरात आहे आणि बाहेर वाळूच्या गोळ्यांची रांगोळी असली तर तो आत्ताच जेवून गेला आहे. न्हाण झाल्यावर आम्ही कधी केरीहून डोंगराच्या कडेनं हरमलच्या बाजूला चालत जायचो. वर झाडीतली वाट, खाली खडकावर फुटणारं पाणी. ती पुढे, मी मागे. मध्येच थांबून ती करवंदं तोंडात टाकायची आणि बिया माझ्या दिशेनं उडवायची. सत्तर वर्षांच्या जवळ आलेली बाई!

मी ताडकन उठणारा माणूस झालो. मे संपला तरी समुद्रावर जाऊ लागलो, हिवाळ्यात तर रोज. तिथंच मला रविवारी फिरणाऱ्यांचा एक गट भेटला. म्हापशाचे, पेडण्याचे, काही माझ्यासारखे निवृत्त, बरेचसे तरुण. कधी सड्यावर, डोंगरमाथ्याच्या मोकळ्या कातळावर, चालायला जायचे, कधी पक्षी बघायला, कधी तेरेखोल नदीत कयाक घेऊन. कयाक म्हणजे एकट्या माणसाची हलकी, अरुंद होडी, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं चालवायची. मी पहिल्या दिवशी उलटलो आणि दुसऱ्या दिवशी किरणपाणीहून खारफुटीच्या आत जाऊन परत आलो. पोरं टाळ्या वाजवायची. "काका, ह्या वयात!" म्हणायची. या तीन शब्दांची मला चटक लागली, हे आता लिहायला हरकत नाही. खंड्या अगदी वल्ह्याच्या अंतरावर बसलेला असतो, पाण्याला आवाज नसतो, दोन्ही काठांवरून फांद्या जवळ येतात, अशा ठिकाणी माणसानं खरं तर आपल्याला तिथपर्यंत कुणी आणलं ते आठवावं. मी माझे फोटो आठवायचो.

मग तो मे आला. या वेळी वयनी बसनं आली नाही. पुतणी गाडीनं सोडून गेली. गुडघे खरेच गेले होते. सुजलेले, रात्री झोपू न देणारे. पायरी चढताना ती कण्हली नाही, दात आवळून गप्प राहिली. त्यावरूनच मला कळलं.

"आता नाटक करू नको," मी म्हटलं.

"आता केलां तरी कोण बघूक नाय," ती म्हणाली. "सात न्हाणां करूया. आवंदा माका खरीच व्हयी आसत."

त्या वर्षी तिला पाण्यापर्यंत नेणं हेच मोठं काम होतं. मी गाडी घेतली होती. गाडीतून सुरूपर्यंत, सुरूपासून प्लास्टिकच्या खुर्चीपर्यंत, मग खुर्ची कडेच्या पाण्यात ठेवायची, मी मागून धरायची, लाट तिच्या मांडीपर्यंत यायची. ती रांगेतल्या बायांकडे बघायची. एकदा म्हणाली, "त्यांका सांगा, माझी जागा धरून ठेवा म्हणान."

आमच्या गटातली पोरं त्याच किनाऱ्यावर धावायला यायची. एकानं मला पाहिलं: चड्डीवर उभा, ओल्या लुगड्यातल्या म्हातारीची खुर्ची मागून धरलेला. "काका, आज ड्युटी काय?" तो म्हणाला. त्यात काही वाईट नव्हतं. तो चांगला मुलगा आहे. वयनीनं तर त्याला हसून उत्तर दिलं, "ड्युटी न्हय रे, पेन्शन!" पण मला ते लागलं. मी पोरांच्या नजरेतला वेगळा म्हातारा होतो. खुर्ची धरून मी सगळ्या म्हाताऱ्यांसारखा झालो. दुसऱ्या दिवसापासून मी तिला लवकर उठवू लागलो, पोरं यायच्या आत परतण्यासाठी. तिला सांगितलं, ऊन लागेल म्हणून.

सहा न्हाणं झाली. सातवं रविवारी करायचं ठरलं. मंगळवारी पुतणी तिला न्यायला येणार होती.

शनिवारी संध्याकाळी गटाचा निरोप आला. तेरेखोल नदीत वरच्या अंगाला कुणाला तरी ऊद दिसले होते, पिल्लांसह. आम्ही त्यांना पाणमांजरं म्हणतो. पाऊस दारात होता, वारा दोन दिवसांत बदलणार होता, कयाक आवरून ठेवायच्या होत्या, म्हणून रविवारची फेरी ही त्या हंगामातली शेवटची. मी तीन वर्षं ते ऊद बघायला तडफडत होतो. मी हो म्हणून कळवलं. मग विचार केला, वयनीला सोमवारी नेऊ. एक दिवस पुढे गेलं तर काय बिघडतं? हे मी तिला सरळ सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "जावा, जावा, आणि पिल्लां किती ती मोजून येवा." हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सरळ सांगायचं म्हणजे, तुझ्या न्हाणाऐवजी मी मौज करायला जातो, असं तोंडानं म्हणायचं. ते मला जड गेलं.

पहाटे ती तयार होऊन बसली होती. सुके कपडे पिशवीत भरलेले, केस वर बांधलेले.

"वयनी," मी म्हटलं, "फोन आला होता. केरीला लाल बावटा लावलाय. जीवरक्षक कुणाला पाण्यात सोडत नाहीत. उद्या जाऊ. मी जरा म्हापशाला जाऊन येतो, मुलाचं काम आहे."

ती दाराबाहेर बघत होती. काजूचं पान हलत नव्हतं. दर्याकाठी वाढलेल्या बाईला मी बिनवाऱ्याच्या सकाळी लाल बावटा सांगत होतो.

"बरां," ती म्हणाली. "उद्यां जावया."

ऊद दिसले. दोन मोठे आणि पिल्लं, खारफुटीच्या मुळांतून घसरून पाण्यात पडणारी, एकमेकांच्या अंगावर चढणारी. एक मोठा मासा धरून काठावर आला आणि आमच्याकडे बघत कडाकडा खाऊ लागला. मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. फार आनंद झाला. त्यानंतर पोरं म्हणाली की मुखापर्यंत जाऊ, आणि आम्ही ओहोटीबरोबर केरीपर्यंत उतरलो. नदी जिथं समुद्राला मिळते तिथं पाणी अगदी निवळ, शांत पडलं होतं. किनाऱ्यावर बायांची रांग बसली होती. मी कयाक तिकडे वळवली नाही.

दुपारी घरी आलो. शर्ट बदलला होता, केसही पुसले होते. वयनीनं माझं पान मांडलं, वाढायला वाकली आणि माझ्या हाताकडे पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरं सुकलेलं होतं.

"अंगार मीठ सुकलां आसा," ती म्हणाली. "आदी न्हावन घेवा. मगे जेवा."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी न्हाणीघरात जाऊन बराच वेळ पाणी ओतत राहिलो. बाहेर आलो तेव्हा आमटी पुन्हा गरम केलेली होती. आम्ही मुलाबद्दल बोललो, आंब्यांबद्दल बोललो. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या आणि आम्ही दुसऱ्या दिवशी दर्यावर गेलो असतो.

सोमवारी वारा फिरला. तरी मी तिला गाडीत घालून नेलं. सुरूंच्या पलीकडे लाटा मातकट होऊन उभ्या राहत होत्या आणि वाळूत लाल बावटा खरोखरच फडफडत होता. जीवरक्षक पोरगा शिट्टी वाजवत आला. मी त्याला विनवण्या केल्या, फक्त पाय बुडवू दे म्हटलं. तो म्हणाला, "काका, आजीला घेऊन? नाय हां." वयनी गाडीतून उतरलीच नाही. काचेतून बघून म्हणाली, "तो आयकूचो नाय. चला." मंगळवारी पहाटे पाऊस लागला आणि पुतणी तिला नार्व्याला घेऊन गेली.

त्याच पावसात, श्रावणाच्या आधी, मागच्या दाराची पायरी उतरताना तिचा गुडघा मुडपला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण ती उभी राहिली नाही. जोड आकड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आजही तसंच म्हणतो. पण ती जे मानत होती ते घेऊन ती खाटेवर पडून होती, आणि एक न्हाण कुणी चुकवलं हे तिला माहीत होतं.

मी नार्व्याला जाऊ लागलो, आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. केरीहून प्लास्टिकच्या कॅनमधून समुद्राचं पाणी न्यायचो, कोमट करून तिचे पाय त्यात धुवायचो. हेच ते, ज्याचं सगळ्यात जास्त कौतुक झालं. शेजारणी बघायला यायच्या. वयनी म्हणायची, "बघा गे, भावजींनी दर्याक कॅनीत घालून हाडलो. आता थंय केरीत चिखल रवलो आसतलो." मग मला हळूच, "ह्यां मोजणीत धरूक जायना हां." ते पाणी म्हणजे माझी सेवा असल्याचं लोकांना वाटत होतं. ते मी न बोललेलं वाक्य होतं, कॅन भरभरून.

एका दुपारी पुतणी तिचे केस विंचरत होती. मी पाय पुसत होतो. पुतणी सहज म्हणाली, "काका, त्या वर्षी सहावरच थांबलं हो आईचं. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. रविवारी का नाही नेलंत?"

माझा हात थांबला. वयनीकडे पाहण्याचं धैर्य झालं नाही. हीच वेळ आहे, हे मला कळलं. माझ्या तोंडात शब्द जमा झाले होते.

वयनीच आधी बोलली. "लाल बावटो होतो गो," ती मुलीला म्हणाली. "दर्या रागान लाल झाल्लो. मीयाच म्हटलंय, नको आज. तेंका कित्याक इचारतंस?"

पुतणी म्हणाली, "हो का? मला वाटलं..." आणि पुढे विंचरू लागली. वयनीनं पाय थोडा सरकवून माझ्या हाताला लावला, पुसायचं चालू ठेवा म्हणून. मी पुसत राहिलो. खोटं मी बोललो होतो. तिनं ते स्वतःचं करून घेतलं, मुलीसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून. आणि मी ते घेऊ दिलं.

त्यानंतर ती पुढच्या मे महिन्यापर्यंत जगली. मी गेलो की नेहमी कुणीतरी खोलीत असायचं. निदान मी स्वतःला तसं सांगत असे. शेवटच्या भेटीत कुणीच नव्हतं. ती जागी होती. मी खाटेशेजारी स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "वयनी, एक सांगायचं होतं."

"सांगा."

मी म्हटलं, "यंदा हरमलच्या वाटेवर करवंदं खूप आली आहेत."

ती हसली. "खावा," म्हणाली, आणि डोळे मिटले.

मी आजही समुद्रावर जातो. लाटेकडे तोंड करून उभा राहतो, मग अंग सैल सोडून उताणा होतो आणि पाणी मला धरतं. मला मिळालेली ही वर्षं, ही भूक, हे चालणं, ऊदसुद्धा, सगळं तिच्या खोट्या दुखऱ्या गुडघ्यांनी दिलेलं आहे. आभार मानणं सोपं आहे. ते मी तिच्या हयातीत पुष्कळदा मानले. राहिलं ते दुसरं. त्या स्टुलावर बसून जे म्हणायला गेलो होतो, ते असं होतं: वयनी, त्या रविवारी दर्या निवळ होता. बावटा नव्हता. माझं म्हापशाला काही काम नव्हतं. तुझी खुर्ची धरलेला मी लोकांना दिसू नये असं मला वाटलं, आणि मला मजा करायची होती, म्हणून मी तुला घरी बसवून गेलो. तुला ते माहीत होतं, हे मला माहीत होतं. चूक माझी होती, वयनी. मला माफ कर.